वऱ्हाडचा ‘ऱ्ह’ आणि अक्षरशाळेंतील आचार्य

गेल्या उन्हाळ्यांत अकोल्यांतील एका स्नेह्यांच्या घरची लग्नपत्रिका आमच्या हातीं आली. कागद गुळगुळीत, वर गणपतीचें चित्र, भोंवतीं सोनेरी वेल, सर्व कांहीं यथासांग होतें; परंतु ‘वऱ्हाड सकाळीं सात वाजतां निघेल’ या ओळींतील पहिल्याच शब्दाचा छापणाऱ्यानें बळी घेतला होता. ‘व’ आणि ‘हाड’ यांच्यामध्यें त्यानें एक आडवी रेघ ठेवून दिली होती, आणि त्यामुळें वरपक्षाच्या वाट्यास नुसतें हाडच आलें होतें! आम्हीं त्या गृहस्थाला सहज विचारलें, तेव्हां तो आपल्या वऱ्हाडी बोलींत म्हणाला, “साहेब, कंप्यूटरमंदी ते अक्षरच नाई, तं मी काय करू?”

हें उत्तर प्रामाणिक होतें, पण खरें नव्हतें. तें अक्षर संगणकांत आहे, आणि पुष्कळ वर्षांपासून आहे. जगांतील लिपींसाठीं ठरविलेल्या युनिकोड नामक संकेतांत ‘ऱ’ला स्वतंत्र स्थान आहे; त्याचा पाय मोडून पुढें व्यंजन लिहिलें असतां पापणीच्या केसासारखी वळणदार खूण उमटावी असा नियम तेथें आहे, आणि ही खूण मराठी लेखनांत येते असा मराठीचा नांवानिशीं उल्लेखहि आहे. मग तें अक्षर अकोल्याच्या छापखान्यांत कां पोंचलें नाहीं? कारण संकेत म्हणजे केवळ एक क्रमांक. त्या क्रमांकाला रूप देण्यास कोणीतरी अक्षर रेखाटावें लागतें. तें केव्हां उमटावें आणि केव्हां उमटूं नये हें भाषा जाणणाऱ्यानें सांगावें लागतें. तें यंत्राकडून करवून घेण्यास गणकशास्त्र लागतें. आणि शेवटीं लिहिणाराच्या बोटाखालीं तें सांपडेल अशी कळ योजावी लागते. चित्रकार, वैयाकरण, यंत्रज्ञ आणि मनुष्याच्या संवयींचा अभ्यासक अशा चौघांचें हें काम आहे, आणि आपल्या विद्यापीठांत हे चौघे बहुधा चार निरनिराळ्या इमारतींत बसतात. ज्या थोड्या ठिकाणीं ते एका छपराखालीं बसतात, त्यांपैकीं एका संस्थेच्या अध्यापकांच्या कार्याचें परीक्षण करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम या एका खुणेचा एवढा हट्ट कशासाठीं, तें सांगितलें पाहिजे. हा केवळ शोभेचा प्रश्न नव्हे. ‘आचार्य’ या शब्दावरून आपण ‘आचार्यांना’ असें लिहितों, आणि ‘आचारी’ या शब्दावरून ‘आचाऱ्यांना’ असें लिहितों. पहिल्यांत मागील अक्षरावर आघात येतो, दुसऱ्यांत येत नाहीं. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. हिंदीला या भेदाची गरज पडत नाहीं; म्हणून केवळ हिंदीवर नजर ठेवून केलेल्या साधनांत हा भेद बुडतो, आणि मग विद्यापीठांतील आचार्यांचा सत्कार व पंगतींतील आचाऱ्यांचा सत्कार यांत कागदावर कांहींच अंतर उरत नाहीं. दोघेहि सत्कारास पात्र आहेत हें खरें, पण कोणाचा सत्कार आहे एवढें तरी निमंत्रितांस कळलें पाहिजे!

आतां त्या शाळेकडे वळूं. पवई येथील आय. आय. टी. मध्यें १९६९ सालीं ‘इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर’ हें केंद्र निघालें. आज तें ‘आय. डी. सी. स्कूल ऑफ डिझाइन’ या नांवानें ओळखलें जातें. त्याच्या उभारणींत ज्यांचा पुढाकार होता ते सुधाकर नाडकर्णी हे जर्मनींतील उल्म येथील शाळेचे विद्यार्थी. उल्मची शाळा १९५३ ते १९६८ एवढींच वर्षें चालली. परंतु वस्तूचें रूप ठरविणें हें केवळ हस्तकौशल्य नसून विचारपूर्वक करावयाचें शास्त्र आहे, हा तिचा आग्रह तिच्या विद्यार्थ्यांनीं देशोदेशीं नेला. अमेरिकेंतील सुप्रसिद्ध ‘मीडिया लॅब’ १९८५ सालीं उघडली; म्हणजे तिच्याहि आधीं सोळा वर्षें पवईस कलावंत व अभियंते एका छताखालीं आले होते. आरंभीं येथें कारखान्यांतील वस्तूंचा विचार मुख्य असे. पुढें दृश्य-संवाद, चलत्-चित्र, आणि मनुष्य व संगणक यांचा परस्परव्यवहार हे विषय तीत आले. आपला ‘ऱ्ह’ या पुढच्या भागांत येतो.

या शाळेंत १९८३ पासून १९९६ पर्यंत रघुनाथ कृष्ण जोशी हे अध्यापक होते. र. कृ. जोशी हे कवि, सुलेखनकार आणि अक्षरकार. पवईस येण्यापूर्वीं त्यांची दोन दशकांहून अधिक वर्षें जाहिरातीच्या व्यवसायांत गेलीं होतीं. आजच्या एखाद्या निवडसमितीपुढें असा अर्ज आला, तर निबंधांची यादी कोठें आहे, हाच प्रश्न प्रथम निघेल. परंतु बोरू, कुंचला, जाहिरातीचा फलक आणि कविता या सर्वांवरून ज्याचा हात फिरला आहे, अशा माणसालाच अक्षराचें माप आणि अक्षराचा डौल हीं दोनहि कळतात. पवईनंतर मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रांत त्यांनीं भारतीय लिपींच्या संगणकीय अक्षरवळणांचें काम केलें. त्यांचें ‘मंगल’ हें देवनागरी वळण ‘विंडोज २०००’ बरोबर कचेऱ्यांत आणि घरांत येऊन बसलें. २००८ सालीं जोशी निवर्तले. पण ज्यानें संगणकावर मराठी पत्र वाचलें त्यानें, नकळत कां होईना, त्यांचें हस्ताक्षर वाचलें आहे.

‘मंगल’चें मोल ठरवितांना तें कोणत्या काळीं आलें हें विसरतां कामा नये. त्या वेळीं संगणकाचा पडदा भरड होता. बारीक रेघा तुटत, आणि जोडाक्षरांच्या गांठी काळ्या पडत. अशा पडद्यावर वाचतां येईल असें स्वच्छ आणि मोकळें वळण जोशी यांनीं योजिलें, व तें आपल्या कामाला पुरेपूर उतरलें. परंतु पडद्यासाठीं केलेलें हें अक्षर पुढें लोकांनीं सरसहा पुस्तकांत आणि पत्रिकांत वापरलें, आणि कागदावर तें आमच्या दृष्टीला पातळ व पोकळ दिसूं लागलें. ओळी एकमेकींपासून रुसल्यासारख्या दूर उभ्या राहिल्या. हा दोष अक्षरकाराचा म्हणतां येत नाहीं. काळ्या जमिनीचें बियाणें मुरमाड जमिनींत पेरलें, आणि पीक विरळ आलें म्हणून बियाण्याला बोल लावला, तशांतला हा प्रकार होय. मात्र हें बियाणें कोणत्या जमिनीचें आहे, एवढें लोकांना त्यांच्या भाषेंत सांगणारें कोणी नव्हतें, ही उणीव खरीच.

त्याच शाळेंतील दुसरें नांव गिरीश दळवी यांचें. देवनागरी अक्षरवळणांची तात्त्विक मांडणी हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. रोमन अक्षराच्या प्रत्येक अवयवाला मुद्रणकलेंत ठरलेलें नांव आहे. देवनागरींत मात्र शिरोरेघ, काना आणि गांठ यांच्यापुढें गेलें कीं प्रत्येक कारागिराची परिभाषा निराळी. ज्याला नांव नाहीं त्याविषयीं शिकवितां येत नाहीं, आणि वादहि घालतां येत नाहीं. म्हणून असा प्रबंध हा पायाचा दगड होय. विशेष हें कीं, दळवी प्रबंधावर थांबले नाहींत. यशोदीप घोलप यांच्यासह त्यांनीं ‘मुक्ता’ हें वळण सिद्ध केलें. बारीकपासून अतिठळकपर्यंत त्याचीं सात वजनें आहेत, आणि तें मुक्त परवान्यानें सर्वांस विनामूल्य मिळतें. या वळणाविषयीं आमचें मत असें आहे: तें स्वच्छ, सोशिक आणि कामसू आहे, लहान आकारांतहि तें डोळ्याला त्रास देत नाहीं. परंतु बोरूच्या तिरक्या छाटामुळें रेघेला जो जाड-बारीकपणा येतो, आणि निर्णयसागरच्या जुन्या खिळ्यांत जो भारदस्तपणा दिसे, त्याची आठवण येथें पुसट आहे. ज्याला ज्ञानेश्वरी छापावयाची आहे त्यानें ‘मुक्ता’ घेण्यापूर्वीं विचार करावा. ज्याला रेल्वेचें वेळापत्रक छापावयाचें आहे त्यानें दुसरें कांहीं शोधूं नये.

अक्षर काढून झालें तरी तें बोटाखालीं यावें लागतें. त्या बाजूचें काम अनिरुद्ध जोशी आणि त्यांचे सहकारी यांनीं केलें. त्यांचा ‘स्वरचक्र’ हा मोबाइलवरील कळफलक २०१३ च्या सुमारास लोकांस मिळूं लागला. त्यांत व्यंजनें वर्णमालेच्या क्रमानें मांडलेलीं आहेत. ‘क’वर बोट ठेवतांच त्याच्या भोंवतीं का, कि, की, कु, कू असें चक्र उमलतें, आणि पाहिजे त्या दिशेला बोट सरकविलें कीं अक्षर पुरें होतें. पाय मोडला तर पुढें होऊं शकणारीं जोडाक्षरें आधींच डोळ्यांपुढें येतात. या रचनेंतील मर्म असें कीं, पाटीवर बाराखडी गिरविलेल्या कोणाहि मनुष्याला ती नव्यानें शिकावी लागत नाहीं. गुरुजींनीं लहानपणीं जें शिकविलें तेंच येथें कामीं येतें. इंग्रजी टंकयंत्राच्या कळांवर मराठी अक्षरें कशींबशीं डकविण्याच्या पद्धतीहून ही दृष्टि निश्चितच स्वतंत्र व सुसंस्कृत आहे. तरीहि आजूबाजूला पाहतां, तरुण मंडळी रोमन अक्षरांत मराठी शब्द टंकून यंत्राकडून त्याचें देवनागरी करवून घेतात, आणि वडील मंडळी यंत्राशीं बोलून लिहवून घेतात. चांगली वस्तु निर्माण करणें हें विद्यापीठाला साधतें. ती वर्षानुवर्षें दुरुस्त करीत राहणें आणि बाजाराच्या रेट्यापुढें टिकविणें त्याला साधतेंच असें नाहीं. विद्यार्थी पदवी घेऊन जातो, आणि त्यानें हातभार लावलेली वस्तु पोरकी होण्याचा संभव मागें राहतो.

हीच गोष्ट चित्रपटाच्या बाबतींतहि दिसते. या शाळेंतील अध्यापिका शिल्पा रानडे यांनीं उपेंद्रकिशोर राय यांच्या कथेवरून ‘गोपी गवैया बाघा बजैया’ हा चलत्-चित्रपट दिग्दर्शित केला. २०१३ सालीं तो कॅनडांतील टोरोंटोच्या महोत्सवांत दाखविला गेला; आपल्या देशांतील चित्रपटगृहांत तो यावयास २०१९ साल उजाडलें. ज्या मुलांसाठीं तो काढला तीं मुलें मधल्या सहा वर्षांत मोठीं होऊन गेलीं.

आतां एकंदर निकाल काय? आमच्या मतें या अध्यापकांनीं संशोधन या शब्दाचा अर्थ वाढविला आहे. त्यांचें ज्ञान प्रबंधांत आहे, आणि अक्षराच्या वळणांत, कळेच्या जागेंत व चित्राच्या गतींतहि आहे. परंतु एक गोष्ट त्यांना स्पष्टपणें सांगितली पाहिजे. मराठी अक्षरावर केलेला त्यांचा विचार बहुतेक इंग्रजींत लिहिला गेला आहे. परदेशांतील परिषदेसाठीं तें आवश्यक असेल. पण अकोल्याच्या छापखान्यांतील मनुष्य ती परिषद ऐकावयास जात नाहीं. अक्षर विनामूल्य मिळतें, हें सांगणारें एक सोळा पानांचें मराठी चोपडें जिल्ह्याजिल्ह्यांच्या छापखान्यांत पोंचलें असतें, तर आमच्या स्नेह्यांच्या पत्रिकेंतील वऱ्हाडाचें हाड झालें नसतें.

दुसरा दोष अध्यापकांचा नव्हे, विद्यापीठांच्या मोजमापाचा आहे. आय. आय. टी. स्वतंत्र कायद्यानें चालते. परंतु आपल्या प्रांतांतील विद्यापीठांस विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम लागू पडतात. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत अध्यापकाच्या संशोधनाचा एक तक्ता होता: भाषा व मानव्यविद्या यांतील एका निबंधास १० गुण, विज्ञान व अभियांत्रिकी यांतील निबंधास ८ गुण, ग्रंथ, भाषांतर, पेटंट यांनाहि जागा होती. परंतु ‘मुक्ता’सारखें वळण किंवा ‘स्वरचक्रा’सारखा कळफलक कोणत्या ओळींत लिहावा, हें त्या तक्त्यांत शोधून सांपडत नव्हतें. म्हणजे अक्षरावर चार पानें लिहिणाऱ्यास गुण, आणि लाखों लोक ज्यांतून वाचतील तें अक्षर घडविणाऱ्यास शून्य!

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. आज जो तो चार अक्षरें वांकडीं करून त्यास नवें वळण म्हणतो. उद्यां अशा प्रत्येक वस्तूला संशोधन मानलें तर विद्यापीठांत गाळीव माल कमी आणि कोंडा फार, अशी अवस्था होईल. निबंधाला निदान परीक्षक तरी असतात. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. आणि त्याचें उत्तर अकोल्यांतच आहे. ज्या १९६९ सालीं पवईचें केंद्र निघालें, त्याच सालीं अकोल्यास कृषि विद्यापीठ स्थापन झालें. तेथील संशोधकानें कपाशीचा किंवा ज्वारीचा नवा वाण काढला तर त्यानें नुसता निबंध लिहिला कीं नाहीं, एवढेंच पाहत नाहींत. आणि वाण काढला एवढ्यानें त्याची शिफारसहि होत नाहीं. निरनिराळ्या ठिकाणीं, अनेक हंगाम, त्याची लागवड करून पाहतात. जुन्या वाणाशीं तुलना करतात. मग राज्यांतील कृषि विद्यापीठांची संयुक्त समिति तो शेतकऱ्यांसाठीं शिफारशीस पात्र आहे कीं नाहीं तें ठरविते. ‘पीकेव्ही’ हीं अक्षरें वऱ्हाडांतील शेतकऱ्याला ठाऊक झालीं तीं निबंधांमुळें नव्हेत, वाणांमुळें. अक्षराचा वाणहि असाच पारखतां येईल: तो शाळेच्या पुस्तकांत, वर्तमानपत्रांत, दवाखान्याच्या चिठ्ठीवर, वृद्धांच्या आणि मुलांच्या डोळ्यांपुढें वर्षभर ठेवावा, चुका मोजाव्या, आणि मग गुण द्यावे. जें कापसाला लागू पडतें तें ‘क’ला कां लागू पडूं नये?

आणि हा प्रश्न आतां आमच्या दाराशीं आला आहे. २०२४ मध्यें अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर येथें मराठी भाषा विद्यापीठाचें कार्य सुरू झालें. अमरावतीस भारतीय जनसंचार संस्थानाची शाखा २०११ पासून वृत्तपत्रविद्या शिकवीत आहे. म्हणजे भाषा एकीकडे आणि माध्यम दुसरीकडे, अशी विभागणी वऱ्हाडांतहि होऊं पाहत आहे. आणि ज्या मुलाचा हात चित्रांत, कान बोलींत आणि डोकें संगणकांत चालतें, त्याला एका रात्रीची आगगाडी धरून मुंबईच गांठावी लागते. रिद्धपूरचें स्थान लक्षांत घेतलें म्हणजे तर ही विभागणी अधिकच खटकते. गोविंदप्रभूंचें हें गांव. म्हाइंभटांनीं ‘लीळाचरित्र’ येथेंच सिद्ध केलें. पुढें ज्या महानुभावांनीं आपल्या ग्रंथांच्या रक्षणासाठीं सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपि निर्माण केल्या, त्यांना भाषा आणि तिची खूण हीं निराळीं वाटलीं नव्हतीं. त्या लिपीचें कुलूप उघडावयास इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारखा शोधक लागला. जेथें लिपि घडविणारे झाले तेथील विद्यापीठांत आज लिपीचा अध्यापक नसावा काय?

आमची मागणी मोठी नाहीं. नव्या विद्यापीठानें एक लहानसा विभाग असा काढावा कीं, जेथें बोलींचा अभ्यासक, अक्षरकार आणि संगणकज्ञ हे तिघे एकाच खोलींत बसतील. वऱ्हाडी बोलीचे उच्चार ध्वनिमुद्रित करतील, ते लिहिण्यास लागणाऱ्या खुणा ठरवितील, आणि त्या खुणा यंत्रांत घालतील. त्यांच्या नेमणुकींत व बढतींत निबंधाबरोबर वस्तूचीहि पारख व्हावी, आणि प्रत्येक वस्तूबरोबर तिचें मराठी विवेचन प्रसिद्ध करण्याचें बंधन असावें. आम्हां टीकाकारांवरहि एक जबाबदारी येते. १९१२ सालीं हरि नारायण आपटे यांच्या अध्यक्षतेखालीं अकोल्यास साहित्य-संमेलन भरलें. तेव्हांपासून आजवर कादंबऱ्या आणि कविता यांची चर्चा आपण पुष्कळ केली, पण ज्या अक्षरांतून त्या वाचल्या त्यांच्याविषयीं मासिकांतून क्वचितच कोणी चार ओळी लिहिल्या. ज्या कलेवर टीका होत नाहीं तिच्यांत चांगलें-वाईट निवडण्याची संवय समाजाला लागत नाहीं.

लग्न आटोपल्यावर आम्ही पुन्हा त्या छापखान्यांत गेलों. बरोबर एका भाच्याला नेलें होतें. त्यानें ‘मुक्ता’ उतरवून घेतली, दोन कळा दाबून दाखविल्या, आणि पडद्यावर ‘वऱ्हाड’ हा शब्द पापणी उघडावी तसा नीट उमटला. छापखान्याचे मालक कांहीं वेळ पाहत राहिले. मग त्यांनीं स्वतः तो शब्द तीन वेळां टंकून पाहिला, आणि म्हणाले, “आलं ना, साहेब! पन हे आंधी कोनं सांगतलंच नाई.”